इंडिकेटर काळसर करण्याआधी

प्रश्न असा आहे: गाडी गडद रंगाची आहे आणि तिच्यावर पुढचे-मागचे नारंगी इंडिकेटर डोळ्यांना खटकतात, म्हणून त्यांच्यावर स्मोक फिल्म लावावी किंवा काळसर स्प्रे मारावा असा विचार आहे. मित्रांच्या गाड्यांवर असे काम पाहिले आहे, इंडिकेटर लागल्यावर स्वच्छ दिसतो. तर मग यात खरोखर धोका किती, आणि कितपत काळे केलेले चालेल?

वाहनांच्या दिव्यांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. बंद असताना दिवा कसा दिसावा हे बदलण्याचे चांगले मार्ग उपलब्ध आहेत आणि ते जरूर वापरावेत. परंतु लागलेल्या दिव्यातून बाहेर पडणारा उजेड अडवणारा कोणताही थर, मग तो फिल्मचा असो वा रंगाचा, लावू नये. हलकासुद्धा लावू नये. ‘लागल्यावर स्वच्छ दिसतो’ हे तुमचे निरीक्षण बरोबरच आहे. फक्त ते ज्या जागेवरून आणि ज्या वेळी केले गेले, ती जागा आणि ती वेळ दिव्याला सर्वांत सोयीची होती.

गाडी सावलीत उभी असते, आपण तिच्यापासून चार पावलांवर बरोबर समोर असतो आणि इंडिकेटर आता लागणार आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. अशा स्थितीत उजेड निम्मा झाला तरी तो निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. डोळ्याला जाणवणारी प्रखरता प्रत्यक्ष उजेडापेक्षा बरीच हळू घटते. ढोबळ हिशेबाने उजेड अर्ध्यावर आला की जाणवणारी प्रखरता जेमतेम एक पंचमांशाने उतरल्यासारखी भासते. त्यामुळे फिल्म लावणारा, लावून घेणारा आणि बघायला आलेला मित्र असे तिघेही अगदी प्रामाणिकपणे ‘काही फरक पडला नाही’ असे म्हणतात. रस्त्यावरच्या दुसऱ्या चालकाची गोष्ट वेगळी आहे. तो तुमच्या इंडिकेटरकडे टक लावून पाहत नसतो. त्याची नजर रस्त्यावर, आरशांत आणि पादचाऱ्यांवर फिरत असते, आणि नजरेच्या कडेला काहीतरी लुकलुकले म्हणून त्याने तिकडे पाहावे, एवढ्यासाठीच इंडिकेटर असतो. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा, म्हणजे साधारण ९० वेळा व्हावी असा नियम आहे. ९० च्या हिशेबाने एक फेरा सेकंदाच्या दोन तृतीयांश भागात पूर्ण होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाच्या लक्षातून एकच लुकलुक निसटली, तर तेवढ्या वेळात त्याचे वाहन ११ मीटर पुढे आलेले असते. शिवाय पाहणाऱ्याचे वय आपल्या हातात नसते. अंधुक उजेडात साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही आणि डोळ्यातले भिंग पिवळसर झालेले असते.

आता आकड्यांकडे वळू. अनेक देश ज्या आधारावर दिव्यांना मान्यता देतात, त्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी ६ क्रमांकाचा नियम इंडिकेटरविषयीचा आहे; २०१९ पासून त्यातल्या तरतुदी १४८ क्रमांकाच्या एकत्रित नियमात आल्या आहेत. त्यानुसार मागच्या साध्या इंडिकेटरने सरळ मागच्या दिशेला किमान ५० कँडेला (एखाद्या दिशेला जाणाऱ्या उजेडाची प्रखरता मोजण्याचे एकक) प्रखरतेचा उजेड दिला पाहिजे. पुढच्या इंडिकेटरसाठी हा किमान आकडा १७५ आहे. मात्र तो इंडिकेटर हेडलाइटच्या जवळ बसवलेला असेल तर १७५ पुरत नाहीत: लो बीमच्या (हेडलाइटच्या खाली रोखलेल्या झोताच्या) प्रकाशित भागापासून अंतर ४० मिलिमीटरपेक्षा कमी झाले की २५०, आणि २० मिलिमीटरच्या आत आले की ४०० कँडेला लागतात. ही चढती श्रेणी का ठेवली आहे, हे रात्री समोरून येणाऱ्या गाडीकडे पाहिले की लगेच समजते. हेडलाइटच्या झगझगाटात शेजारचा नारंगी दिवा बुडून जातो. अनेक गाड्यांत इंडिकेटर लागताच शेजारची दिवसा लागणारी पांढरी पट्टी मंद होते किंवा विझते, त्यामागचे कारणही हेच. अशा ४०० कँडेलाच्या दिव्यावर ३५ टक्के उजेड जाऊ देणारी फिल्म चढवली, की त्याचे १४० कँडेला उरतात. म्हणजे हेडलाइटपासून दूर असलेल्या इंडिकेटरलाही जे पुरेसे मानले जात नाही, ते हेडलाइटला चिकटून असलेल्या इंडिकेटरकडून आपण चालवून घेत असतो.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की कंपनीचे दिवे किमान मर्यादेपेक्षा बरेच प्रखर असतात, त्यामुळे थोडे कमी झाले तर बिघडले कुठे? नवा दिवा किमान मर्यादेच्या वर असतो हे खरे आहे. परंतु ती शिल्लक तुमच्या फिल्मसाठी ठेवलेली नसते, ती गाडीच्या म्हातारपणासाठी असते. तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. होल्डरला गंज चढल्यामुळे किंवा अर्थिंगची जोडणी (विजेचा परतीचा मार्ग) सैल असल्यामुळे बल्बपर्यंत १० टक्के कमी व्होल्टेज पोहोचले, तर उजेड ३० टक्क्यांनी घटतो. वापरून वापरून बल्बची काच आतून काळवंडते. लेन्सवर धूळ, चिखल आणि बारीक ओरखडे जमतात. हे सगळे तोटे एकमेकांत मिळवले जात नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. समजा दिवा नवा असताना १०० कँडेला देत होता. व्होल्टेजमुळे ७० उरले, मळलेल्या लेन्सने त्यातले ८० टक्केच सोडले म्हणून ५६ झाले. दिवा अजूनही मर्यादेच्या वर आहे, डिझाइन करणाऱ्याने आपले काम चोख केले आहे. त्यावर निम्मा उजेड अडवणारी फिल्म आली की २८ उरतात.

येथवरचे आकडे दिव्याच्या बरोबर समोरून पाहणाऱ्याचे झाले. माझ्या मते खरा धोका कडेला आहे, आणि गॅरेजात उभे राहून तो कुणीच तपासत नाही. इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या शेजारी असलेल्या माणसालाही. पण इतक्या तिरक्या कोनांत नियम फक्त ०.३ कँडेलाची अपेक्षा करतो, कारण तेथे पाहणारा जवळच असतो आणि एवढ्यात भागते असे धरलेले आहे. बंपरवर किंवा आरशावर जो छोटा साइड इंडिकेटर असतो, त्याच्या साध्या प्रकाराची किमान मर्यादा ०.६ कँडेला आहे. त्यातला नारंगी बल्ब ५ वॅटचा आणि सुमारे ३० लुमेनचा (लुमेन म्हणजे सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे एकक) असतो. मोठ्या दिव्याकडे निदान उधळायला काहीतरी असते, या चिमुकल्या दिव्याकडे मुळातच फारसे नसते. आणि नेमका तोच आधी काळा केला जातो, कारण तो स्वस्तात आणि पटकन होतो. गाडी वळवताना चालकाच्या आरशात न दिसणारा दुचाकीस्वार किंवा सायकलस्वार ज्या दिव्याकडे पाहून थांबायचे की पुढे जायचे हे ठरवतो, तो हाच दिवा असतो.

कडेच्या या भागात फिल्म आणि स्प्रे दोन्ही प्रत्यक्षात कसे बसतात, तेही पाहण्यासारखे आहे. आजकालचे दिवे गाडीच्या कोपऱ्यावरून बाजूला वळलेले असतात. फिल्म गरम करून ताणली की मधला भाग पातळ होतो आणि वळणावर चुण्या पडतात. चुण्या टाळण्यासाठी कारागीर तेथे चीर देऊन एका कडेवर दुसरी कड चढवतो. ३५ टक्क्यांच्या फिल्मचे दोन थर एकावर एक आले की त्यांतून १२ टक्के उजेड जातो, आणि हा दुहेरी पट्टा नेमका कोपऱ्यावर, म्हणजे बाजूने पाहणाऱ्याच्या समोर येतो. शिवाय तिरक्या दिशेने जाणाऱ्या किरणाला थरातून अधिक लांब प्रवास करावा लागतो, त्यामुळे एकेरी फिल्मसुद्धा कोनात अधिक काळी ठरते. स्प्रेची तऱ्हा आणखी बेभरवशाची आहे. पहिला हात मारल्यावर काहीच झाले नाही असे वाटते, दुसऱ्यालाही फारसे नाही, म्हणून तिसरा मारला जातो आणि वाळल्यावर लेन्स अपेक्षेपेक्षा कितीतरी काळी निघते. लेन्सच्या खालच्या कडेशी रंग ओघळून साचतो. डाव्या आणि उजव्या दिव्यावर सारखाच थर बसला असे फार क्वचित घडते.

उजेडाबरोबर रंगाचाही प्रश्न आहे. इंडिकेटरचा नारंगी रंग म्हणजे कोणताही पिवळसर-तांबूस रंग नव्हे. तो नियमाने आखलेल्या अरुंद पट्ट्यात बसावा लागतो, आणि काळसर दिसणारी प्रत्येक फिल्म सर्व रंगांचा उजेड सारखाच अडवते असे नाही. स्वस्त फिल्म बहुधा तपकिरी किंवा जांभळट छटेच्या असतात. काही जण मागच्या पूर्ण दिव्यावर लालसर काळी फिल्म चढवतात, तेव्हा इंडिकेटर तांबडा दिसू लागतो आणि ब्रेकच्या दिव्यात मिसळून जातो. रंगातला हा फरक किरकोळ नाही. अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल किंवा नारंगी दोन्ही चालतात, म्हणून तेथे तुलना करणे शक्य झाले. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुढचे वाहन वळत किंवा लेन बदलत असताना मागून बसणाऱ्या धडका नारंगी इंडिकेटर असलेल्या गाड्यांच्या बाबतीत सुमारे ५.३ टक्क्यांनी कमी आढळल्या. या रंगाची किंमत दिव्याने आधीच मोजलेली असते: २१ वॅटचा पारदर्शक बल्ब ४६० लुमेन देतो, तर त्याच वॅटचा नारंगी काचेचा बल्ब २८०. (जाता जाता एक सूचना: जुन्या नारंगी बल्बचा रंग पापुद्र्यासारखा उडतो आणि इंडिकेटर पांढरट लुकलुकू लागतो. फिल्मचा विचार पुढे ढकला, पण हे आजच पाहून घ्या.)

मागच्या दिव्यात आणखी एक वस्तू असते, जिची आठवण फिल्म लावताना कुणालाच होत नाही: लाल परावर्तक. तो स्वतः उजळत नाही, मागून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड तिच्याच दिशेने परत पाठवतो. बॅटरी संपून अंधारात कडेला उभ्या राहिलेल्या गाडीचा तोच एकमेव दिवा. फिल्ममधून हा उजेड दोनदा जातो, आत जाताना एकदा आणि परत येताना एकदा. म्हणून ५० टक्क्यांच्या फिल्मखाली परावर्तकाचे २५ टक्के काम उरते, ३५ टक्क्यांच्या फिल्मखाली १२ आणि २० टक्क्यांच्या फिल्मखाली अवघे ४. काही गाड्यांत हा परावर्तक बंपरवर वेगळा असतो, तेथे हा मुद्दा लागू होत नाही. पण बहुतेकांना तो कुठे आहे हेच माहीत नसते.

काळसर लेन्सच्या बाजूने एक सयुक्तिक मुद्दा मांडला जातो, तो टाळणे योग्य होणार नाही. सूर्य मागून आणि खाली असताना त्याचे किरण दिव्यात शिरतात, आतल्या चकचकीत भागावरून परततात आणि बंद दिवाही लागल्यासारखा भासतो. काळ्या थरातून हा खोटा उजेड दोनदा जातो आणि बल्बचा खरा उजेड एकदाच. त्यामुळे लागलेला आणि विझलेला यांतला फरक वाढतो, असा हा युक्तिवाद आहे. गणित बरोबर आहे. मात्र लेन्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरची चमक फिल्मने हटत नाही, आणि पाहणाऱ्याचा डोळा दिव्याची तुलना केवळ विझलेल्या दिव्याशी करत नसून भोवतालचा तापलेला रस्ता, आकाश आणि गाडीचा पत्रा यांच्याशीही करत असतो. ते सगळे तेवढेच उजळ राहते आणि मध्ये दिवा मात्र मंद होतो. गाडी बनवणाऱ्या कंपन्या स्वतः काळसर लेन्सचे दिवे देतात, तेव्हा त्या लेन्सचा काळेपणा धरूनच बल्बची किंवा एलईडीची ताकद आणि बल्बमागच्या चकचकीत वाटीचा (तिलाही परावर्तकच म्हणतात) आकार ठरवलेला असतो, आणि तो संपूर्ण दिवा चाचणीत उतरलेला असतो. त्या दिव्याकडे बोट दाखवून साध्या दिव्यावर फिल्म लावणे हा केवळ दिसण्यातला सारखेपणा आहे.

‘मग आत जास्त ताकदीचा एलईडी बल्ब टाकला तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच आहे. दिव्याचा परावर्तक ज्या ठिकाणी तंतू आहे असे धरून घडवलेला असतो, त्या ठिकाणाहून उजेड आला तरच तो सर्व कोनांत योग्य प्रमाणात पसरतो. एलईडी बल्बचे ठिपके दांड्याच्या चहूबाजूंनी आणि टोकाला विखुरलेले असतात. परिणामी मध्ये एक भगभगीत ठिपका आणि कडेला अंधार अशी अवस्था होते, आणि कडेची उणीव, जी खरी भरून काढायची होती, तशीच राहते. त्यातून एलईडी फारच कमी विद्युतप्रवाह घेत असल्यामुळे गाडीला बल्ब उडाला असे वाटते आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. तो शांत करण्यासाठी ६ ओहमचा रेझिस्टर (जास्तीचा विद्युतप्रवाह ओढणारा भाग) जोडतात. इंडिकेटर लागलेला असताना असा रेझिस्टर ३० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो, आणि चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी बराच वेळ उभी राहिली तर शेजारची वायर किंवा प्लास्टिक वितळलेले मी पाहिले आहे. दिसण्यासाठी केलेल्या एका बदलाची भरपाई करताना वायरिंगपर्यंत हात जाणे मला मुळीच पसंत नाही.

नियमांविषयी थोडक्यात. तपशील देशागणिक बदलतो, पण मूळ तत्त्व एकच आहे: मान्यता बल्ब, परावर्तक आणि लेन्स मिळून बनलेल्या पूर्ण दिव्याला असते, आणि लेन्सवर उजेड किंवा रंग बदलणारे काहीही चढवले की तो मान्यता मिळालेला दिवा राहत नाही. तपासणीत गाडी नापास होणे हा त्याचा सौम्य परिणाम झाला. वळताना अपघात झाला आणि ‘मला इंडिकेटर दिसलाच नाही’ असे समोरच्याने म्हटले, तर तुमच्या दिव्यावरची फिल्म त्याच्या बाजूने साक्ष देते.

आता तुमची मूळ तक्रार, म्हणजे बंद दिव्यातला खटकणारा नारंगी रंग. तो रंग लेन्सचा आहे की बल्बचा, हे आधी पाहा. लेन्स पारदर्शक असून आतला नारंगी बल्ब दिसत असेल, तर काम फार सोपे आहे: बाहेरून चंदेरी दिसणारे आणि लागल्यावर नारंगी उजेड देणारे लेपित बल्ब मिळतात. त्याच मापाचा, त्याच खाचेचा आणि मान्यतेची खूण असलेला घ्यावा. नारंगी बल्बच्या टोपीवरच्या खुंट्या पारदर्शक बल्बसारख्या समोरासमोर नसतात; होल्डरमध्ये बसत नसलेला बल्ब दाबून बसवू नये. लेन्सच नारंगी असेल तर गाडीच्या त्याच मॉडेलसाठी बनवलेला, पारदर्शक किंवा काळसर लेन्सचा पूर्ण दिवा शोधावा. विकत घेताना लेन्सवर कोरलेली अक्षरे वाचावीत: वर्तुळातले ‘ई’ आणि त्याच्या शेजारी आकडा, तसेच मागच्या इंडिकेटरसाठी ‘२ए’ किंवा ‘२बी’ आणि पुढच्यासाठी ‘१’, ‘१ए’ किंवा ‘१बी’ अशी खूण, अथवा अमेरिकी मानकाची अक्षरे. खोक्यावरच्या छपाईला अर्थ नाही, खूण लेन्सवरच हवी. दिव्याभोवतीची क्रोमची पट्टी किंवा जाळी काळी केली तरी गाडीचा एकंदर नूर पुष्कळ बदलतो, आणि दिव्याला हात लागत नाही. दिवा उघडून आतली चौकट काळी करण्याचा प्रकारही केला जातो. तो मी सुचवत नाही, कारण पुन्हा चिकटवलेल्या दिव्यात बहुधा ओल शिरते. लेन्सवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात ती पूर्ण रंगहीन संरक्षक फिल्म मात्र वापरायला हरकत नाही, तिच्यामुळे होणारी घट नगण्य असते.

फिल्म आधीच लावलेली असेल तर ती सहज निघते: हेअर ड्रायरने कोमट करावी आणि लेन्सला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढावी. चिकटा राहिला तर कोमट साबणाच्या पाण्याने आणि बोटांनी चोळून काढावा. थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावू नये. मागच्या दिव्यांच्या लेन्स बहुधा अॅक्रिलिकच्या असतात आणि अशा द्रावणांनी त्यांच्यात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते, जे पुन्हा भरत नाही. स्प्रे काढणे अधिक कष्टाचे आहे. ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासायला सुरुवात करून ३००० पर्यंत जावे लागते आणि मग पॉलिश करावे लागते. अॅक्रिलिक यातून पूर्ववत स्वच्छ होते. हेडलाइटमध्येच सामावलेल्या पुढच्या इंडिकेटरची लेन्स पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा कठीण संरक्षक थर घासताना निघून जातो, म्हणून अतिनील किरणांपासून जपणारा क्लिअर कोट पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर थोड्याच काळात ती पिवळी पडते.

एवढे वाचूनही फिल्मचा मोह सुटत नसेल, तर ती कायमची चिकटवण्याआधी एक चाचणी करावी. फक्त एका बाजूच्या पुढच्या, मागच्या आणि साइड इंडिकेटरवर फिल्मचा तुकडा कागदी टेपने लावावा आणि भर दुपारी उन्हात चारही इंडिकेटर एकदम चालू करावेत. मग सरळ समोर उभे न राहता गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून ३० मीटर दूर, तिरके उभे राहावे, आणि नंतर दुचाकीस्वार जेथे असतो तेथे, दाराच्या मागच्या बाजूला जवळून पाहावे. दोन्ही ठिकाणी फिल्मच्या आणि बिनफिल्मच्या बाजूने आळीपाळीने. हीच तुलना रात्री समोरून, लो बीम लावून करावी. मोबाइलने फोटो काढून तुलना करू नये, कारण कॅमेरा प्रखरता आपोआप जुळवून घेतो आणि दोन्ही दिवे सारखेच दाखवतो. शक्य असल्यास पाहण्याचे काम घरातल्या सर्वांत वयस्कर चालकाला सांगावे, आणि कोणत्या बाजूला फिल्म आहे हे त्यांना आधी सांगू नये.